बायकोच्या परदेशगमनाबद्दल माझा सत्कार

माझा जाहीर सत्कार आयुष्यात एकदाच झाला आणि तोही मी न केलेल्या गोष्टीबद्दल. मी परदेशी चाललो म्हणून गावाने मला फेटा बांधला. मी कुठेही चाललो नव्हतो. चालली होती माझी बायको, आणि ती त्या वेळी बायकांच्या जाजमावर चौथ्या ओळीत बसली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही मिरजेत दोन खोल्यांत राहत होतो. मी माधवनगरच्या शाळेत गणित शिकवत असे. बायको मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात परिचारिका होती, नऊ वर्षांची नोकरी झालेली. मुली दोन, एक सहा वर्षांची, एक चार. त्या काळात आखातातल्या देशांत इस्पितळं नव्याने उभी राहत होती आणि त्यांना परिचारिका हव्या होत्या. तिने मुंबईला जाऊन, तिकडे माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली. मुलाखत पाच मिनिटं चालली, जाण्यायेण्याला दोन दिवस लागले. निवड झाली. करार दोन वर्षांचा. करारात एक कलम असं होतं की पुरुष नोकराला तिथे बायको नेता येईल. बाई नोकराला नवरा नेता येणार नाही. मी ते कलम तीनदा वाचलं. छपाईची चूक नव्हती.

जावं की न जावं यावर आम्ही तीन संध्याकाळी बोललो. मी कागदावर मधोमध रेघ मारून एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला अडचणी लिहिल्या. अडचणी अकरा झाल्या, फायदे चार. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "अहो, पण मला जायचंय." मग मी तेही फायद्यांत लिहिलं. पाच झाले. जायचं ठरलं.

खरी गंमत अर्जापासून सुरू झाली. आमच्या शेजारी माधवनगरच्या गिरणीतला एक फिटर राहत होता. तोही त्याच कंपनीमार्फत, त्याच गावी, तिथल्या कारखान्यात चालला होता. दोन्ही अर्ज इंग्रजीत असल्यामुळे भरायला माझ्याकडेच आले. मी दोन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्याचा अर्ज दोन पानांचा, सोळा प्रश्नांचा. तिचा पाच पानांचा, सदतीस प्रश्नांचा. त्याला विचारलं होतं, विवाहित की अविवाहित, नको ते खोडा. तिला विचारलं होतं, लग्न कधी झालं, नवरा काय करतो, मुलं किती, त्यांना मागे कोण सांभाळणार, नवऱ्याची संमती आहे काय, आणि शेवटी कुटुंबप्रमुखाची संमती, स्वहस्ते लिहून, सहीसह.

फिटरची बायको साखर मागायला आली होती. ती टेबलापाशी थांबली.

"भावजी, ह्यांच्या कागदावर मी कुठं आहे?"

मी 'विवाहित' या शब्दावर बोट ठेवलं.

"एवढीच?"

"एवढीच."

"आणि वहिनींच्या कागदावर तुम्ही?"

मी मोजून सांगितलं, सात ठिकाणी. ती साखर न घेताच गेली.

माझ्या सह्या मी केल्या. उरला कुटुंबप्रमुख. बायको म्हणाली, "तिथंही तुमचंच नाव घाला आणि मोकळे व्हा." पण आमचं शिधापत्रक अजून गावाकडचं होतं, कारण धान्य घरचं येई आणि ते बदलून घ्यायची गरज कधी पडली नव्हती. त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव होतं. सरकारी कागदावर एक आणि या कागदावर दुसरंच, हे मला करता येईना.

"मुंबईला कुणी तुमचं शिधापत्रक तपासणार आहे का?"

"तपासलं तर?"

"तुमच्या खरेपणाने मला आजवर कधी पोचवलं नाही कुठं," ती म्हणाली. "महिनाअखेर कागद गेला नाही तर माझ्या जागी यादीतली पुढची बाई जाणार. ते लक्षात असू द्या."

म्हणजे सगळं एका सहीवर आलं, आणि तेही माझ्यामुळेच. हातात तेवीस दिवस होते.

आमचं गाव रहिमतपूरपासून चार मैलांवर. आबा लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, नंतर उसाची शेती. गावात घरटी एक माणूस फौजेत. माणसं समुद्रापलीकडे जाण्याचं तिथे कुणाला नवल नव्हतं. एकाहत्तरच्या जनगणनेला मी मास्तर म्हणून आमच्याच गावात घरं मोजली होती. आमच्या आळीत बावीस घरं. त्या घरांतली एकही लग्न झालेली बाई त्या गावात जन्मलेली नव्हती, आणि जवळजवळ सगळे पुरुष तिथेच जन्मलेले. आपला गाव सोडून कायमचं दुसरीकडे जाण्याचा अनुभव आळीतल्या प्रत्येक बाईला होता. तरी 'बाहेर गेलेला' म्हणायचं ते गड्याला. बाईचं ते जाणं नव्हतं, नांदणं होतं.

मी आबांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला.

"तू कवा चाललास?"

"मी नाही आबा. ही चालली आहे."

"व्हय, ती तर जाणारच. तुझ्या मागनं. मी तुझं इचारतोय."

"मला जाता येत नाही. तसा नियम आहे."

आबांनी कागद खाली ठेवला. "बाई म्होरं आन् गडी मागं? मंग पोरीस्नी कोण बघणार?"

"मी."

"तू?" आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "आरं, तुला चहा करता येतो का?"

येत होता. पण तो मुद्दा नव्हता. मी म्हणालो, वर्षभराने नियम बदलला तर मलाही तिकडे जाता येईल, पुढचं पुढे बघू. हे वाक्य मी उच्चारायला नको होतं. चुकीचं नव्हतं ते, पण त्यात जागा मोकळी होती. आबांनी ती भरली. "मंग दोघंबी जा. तू निघालास की मी सही करतो."

पुढच्या सात दिवसांत ती मोकळी जागा गावाने भरली. मास्तर परदेशी निघाले. मास्तर तिथल्या शेखांच्या पोरांना गणित शिकवणार. तिथे आपल्याकडच्या गणिताला फार मान. मास्तर बायकोला बरोबर नेणार, कारण तिथलं जेवण त्यांना सोसणार नाही. गावच्या तरुण मंडळाने रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात माझा जाहीर सत्कार ठरवला आणि मला मिरजेला छापील कार्ड पाठवलं. कार्डावर माझं नाव ठळक होतं. खाली बारीक अक्षरात 'सपत्नीक'.

मी त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यात क्रमांक घालून तीन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, मी परदेशी जात नाही. दोन, माझी पत्नी जात आहे. तीन, सबब सत्काराचा प्रश्न उद्भवत नाही, करायचाच तर तिचा करावा. अध्यक्षांचं उत्तर आलं: 'आपला विनय पाहून मंडळास आपल्याबद्दलचा आदर दुणावला आहे. मंडप सांगितला आहे.'

बायको म्हणाली, "चला. घ्या बांधून फेटा. मामंजी म्हणतात ना, तुम्ही निघालात की सही करतो? मग निघालात असं दिसू द्या."

"पण ते खरं नाही."

"तुम्ही काही बोलू नका. फेटा बोलतो का?"

तिला संध्याकाळच्या गाडीने परत मिरजेला पोचून कामावर जायचं होतं. कामाचे कपडे पिशवीत घेऊनच ती सत्काराला आली.

मंडपात बसलेले लोक मी मोजले, दोनशे दहाच्या आसपास. प्रमुख पाहुणे म्हणून सरपंच. त्यांनी गावातून समुद्रापार गेलेल्या सुपुत्रांची यादी वाचली. बहुतेक फौजेतले, दोघे बोटीवरचे, एक विलायतेत हॉटेलात. एकेचाळीस नावं. यादीत सुकन्या एकही नव्हती, आणि बेचाळिसावं नाव माझं होतं. मग ते म्हणाले, "मास्तरांच्या सौभाग्यवतीही त्यांच्या जेवणाखाण्याची आबाळ होऊ नये म्हणून सोबत चालल्या आहेत. भारतीय नारीचा हाच तर आदर्श!" टाळ्या पडल्या. जाजमावरची माझी बायकोही टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मला शाल, श्रीफळ, फेटा. हारांची संख्या नऊ. मग ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, "आता सौभाग्यवतींनी मास्तरांना ओवाळावं."

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्याला ओवाळायचं आणि मागे राहणाऱ्याने ओवाळायचं, हा साधा रिवाज. कुणी तरी तिच्या हातात तबक दिलं. ती व्यासपीठावर आली, पदर डोक्यावर, पाळण्यात निजलेल्या पोरासारखा चेहरा शांत. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवू लागली.

"हलू नका," ती ओठ न हलवता म्हणाली. "फेट्याचा शेमला निरांजनात जातोय."

"तू मला का ओवाळतेस?"

"तुम्ही चाललाय ना."

"कुठे?"

"मला काय माहीत? मला बायकांच्यात बसवलंय. पाच वाजताची गाडी चुकवू नका म्हणजे झालं."

इथपर्यंत मी गप्प होतो. पण त्यानंतर सत्कारमूर्तींचे दोन शब्द होते, आणि मला दोन शब्द येत नाहीत. मला आकडे येतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या कुटुंबात माणसं चार. त्यांपैकी परदेशी जाणारी एक. मागे राहणारी तीन. त्या तिघांत मी आहे."

मागून कुणी तरी ओरडलं, "मास्तर, हातचा इसरलासा!" आणि सगळा मंडप हसला. त्यांना ते कोडं वाटलं. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, पाढे सांगतो तसं. या वेळी कुणी हसलं नाही.

अध्यक्ष जवळ आला. "मास्तर, म्हंजी तुमी खरंच न्हाई जात?"

"पत्रात लिहिलं होतं. क्रमांक एक."

"आवं, पत्रात सगळंच तसं लिवत्यात!" त्याने डोकं धरलं. "मंग ह्यो फेटा कुणाचा?"

यावर व्यासपीठावरच चर्चा सुरू झाली. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू येत होती. एकाचं म्हणणं, फेटा काढून वहिनींना बांधावा. दुसरा म्हणाला, बाईला फेटा बांधत नाहीत, शाल द्या. तिसरा म्हणाला, शाल एकदा अंगावर पडली, आता ती दुसऱ्याला देता येत नाही. सरपंच म्हणाले, नारळ तरी द्या. अध्यक्ष म्हणाला, बाईला नारळ द्यायचा तर ओटीत, आणि ओटी बायका भरतात, मंडळाच्या घटनेत ती बसत नाही. शेवटी ठराव असा झाला की सत्कार झाला तो झाला, पण तो मास्तरांच्या 'मागे राहण्याबद्दल' समजावा. टाळ्या पडल्या. या वेळी जरा कमी.

आबा पहिल्या ओळीत बसले होते. ते उठले आणि कुणाशी न बोलता घरी निघाले. आम्ही मागोमाग गेलो.

"नाक कापलंस," ते ओसरीवर बसून म्हणाले. "चार मानसांत सांगितलंस की मी मागं ऱ्हातोय! जाता येत न्हाई ते न्हाई, निदान गप तरी बसायचं. आता सही घे माझ्या मढ्याची."

बायकोने पिशवी खांद्याला लावली होती. गाडीला सव्वा तास होता आणि स्टेशन चार मैल. ती रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं. तिने नुसतं घड्याळ पाहिलं. माझ्या एका सरळ वाक्याने तिची नोकरी गेली होती आणि ती ते बोलूनही दाखवत नव्हती.

बोलली ती माझी आई. ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तिथूनच बोलली.

"आवं, एक इचारू का?"

"काय?"

"तुमी मिसरला गेलाव तवा माझी सही कुनी घेतली?"

आबा म्हणाले, "ती लढाई व्हती."

"मला काय म्हाईत लढाई? मला तुमी काय सांगून गेलाव? कोरेगावला बैल बघाया जातो. ह्यो माझ्या पोटात. दसमी बांधून दिली दोन दिसांची." तिने भाकरी तव्यावर टाकली. "चार वर्सांनी आलाव."

"आगं, तितं भरती चालू व्हती..."

"ते झालं. मी भरतीचं न्हाई इचारत. बैल कुटं हायती?"

मी ही हकिकत पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो. आबा दुसऱ्या महायुद्धात मिसरला, म्हणजे इजिप्तला होते आणि त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो, एवढं मला माहीत होतं. बैलांचं नव्हतं.

आबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "न्हाई घावलं."

"चार वर्सं हुडकत व्हता व्हय?" आई म्हणाली. "आन् ही पोर सगळं सांगून, कागुद दावून, तुमच्या म्होरं हुबी हाय, तर तिलाच थांबवताय."

आबांनी पहिल्यांदा सुनेकडे थेट पाहिलं. "तितं तुला काय म्हनतील?"

"सिस्टर म्हणतील, मामंजी."

"सिस्टर." ते पाय चोळू लागले. उजव्या पायाची दोन बोटं त्यांना नव्हती. "मिसरच्या इस्पितळात मी तीन म्हैनं पडलो व्हतो. तितं सिस्टर व्हत्या. दोन गोऱ्या, एक मद्रासकडची. ती मद्रासची तर पार हितनंच गेल्याली. लय कडक. तिला लेफ्टनंटचा हुद्दा. आमी खाटंवरनं सलाम ठोकायचा." ते थांबले. "तिच्या बाची सही व्हती का न्हवती, आमाला कुनी सांगितलं न्हाई."

मी ही संधी साधून कागद आणि पेन पुढे केलं. आबांनी चष्मा लावला, चौकटीवरची इंग्रजी ओळ माझ्याकडून मराठीत करून घेतली आणि ते पुन्हा अडले.

"हितं लिवलंय, संमती द्या. ते जमायचं न्हाई."

"आता का नाही?" माझा आवाज चढला.

"आरं, हवालदार सिस्टरला संमती देतो का कुटं? वरच्या हुद्द्याला खालचा परवानगी देत न्हाई. खालच्यानं नुस्तं कळलं म्हनायचं." आणि त्यांनी त्या चौकटीत, लष्करात शिकलेल्या ठसठशीत अक्षरात, एकच शब्द लिहिला: 'कळले.' खाली सही, हवालदार, निवृत्त. आईने पिठाचे हात धुतले, शेजारी आपला अंगठा उमटवला आणि म्हणाली, "मलाबी कळलं. ह्या टायमाला."

गाडी आम्हाला मिळाली. आबांनी बैलगाडी स्वतः हाकली.

मला मात्र पुढचे आठ दिवस झोप नीट लागली नाही. संमतीच्या जागी 'कळले' हे चालणार नाही, असं माझं गणित होतं. नियमाप्रमाणे ते उत्तर चूक होतं. मी बायकोला म्हणालो, दुसरा कागद घेऊन पुन्हा गावी जाऊ. ती म्हणाली, "त्यांनी लिहिलंय ते खरं आहे. तुम्हाला खरं आवडतं ना?"

आम्ही दोघे मुंबईला गेलो. मुदतीला तीन दिवस उरले होते. कंपनीच्या कचेरीतल्या कारकुनाने पाचही पानं उलटली आणि शेवटच्या चौकटीवर पेन्सिल टेकवली. तो मराठीच होता.

"हे काय? कळले? ही संमती होत नाही, बाई."

बायको खिडकीवर थोडी वाकली.

"नकार होतो का?"

"नकार नाही, पण..."

"नकाराची चौकट कुठली आहे? दाखवा, म्हणजे ती मोकळी आहे की नाही ते पाहू."

कारकुनाने खरंच शोधली. पाच पानं पुढून मागे आणि मागून पुढे. सदतीस प्रश्न होते, पण कुणी नाही म्हटलं तर ते कुठे लिहायचं याची जागा कुणी ठेवली नव्हती. त्याने अंगठ्याकडे बोट केलं. "आणि हा कुणाचा?"

"सासूबाईंचा."

"तो मागितला नव्हता."

"जास्तीचा आहे," ती म्हणाली. "असू द्या."

त्याने शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि मारला. मग तिला वर वैद्यकीय तपासणीला पाठवलं आणि मला म्हणाला, "सोबतचे लोक बाहेर."

बाहेर लांब बाकावर आणखी सहा पुरुष बसले होते, मांडीवर बायकांच्या पिशव्या घेऊन. एकाच्या कडेवर मूल होतं. मी सातवा. शेजारच्याने थोडं सरकून जागा दिली आणि विचारलं, "तुमची कुठल्या वॉर्डाची? बाळंतपणाची का ऑपरेशनची?"

"ऑपरेशनची," मी म्हणालो.

"चांगलं," तो म्हणाला. "आमची बाळंतपणाची."

मग आम्ही सातही जण जिन्याकडे बघत बसलो. तासाभराने ती खाली आली. हातात लांबट लिफाफा होता. माझ्याकडची पिशवी घेऊन तिने तो आत नीट ठेवला.

"झालं. पुढच्या गुरुवारचं विमान."

मी बोटांवर मोजलं. "म्हणजे अजून नऊ दिवस."

"आठ," ती म्हणाली. "आजचा धरू नका. तो प्रवासातच जाणार."